मागे कसं जायचं?

"मॅडम, ती पिन ओढतात ते परत बघायचंय. मागे कसं जायचं?" स्टोअरमधले काका मोबाइल माझ्यासमोर धरून उभे.

जाता येत नव्हतं. अग्निसुरक्षेचा व्हिडिओ ट्रेनिंग पोर्टलवर टाकताना वरून फर्मान आलं होतं: लोक पुढे पळवतात, खालची पट्टी बंद करा. ती दोन्हीकडून बंद झाली. काकांचं बोट काचेवर घासतंय आणि व्हिडिओ आपला पुढेच चाललाय.

शेजारच्या टेबलावर तोच व्हिडिओ एकटाच वाजत होता. साहेब खाली चहाला! त्यांच्या नावापुढे हिरवी टिक मात्र आली.

नुसती एमपी४ फाइल कोणी काय पाहिलं ते स्वतःहून सांगत नाही, म्हणून आम्ही ती स्कॉर्म १.२ मध्ये बांधतो. ऑनलाइन कोर्सने पोर्टलला माहिती कशी कळवायची, याचं २००१ चं मानक. मुख्यतः स्थिती (पूर्ण की अपूर्ण), गुण, वेळ एवढंच कळवणारं. २०१३ च्या एक्सएपीआय या नव्या मानकात कुठे थांबवलं, कुठे मागे नेलं हेही नोंदवता येतं. पण तो रिपोर्ट मागतो कोण? ऑडिटला टिक पुरते.

उद्यापासून मागे जायची सोय सुरू करतेय, फर्मान गेलं उडत. अंधेरीत आमच्यासारखीच गोदामं सांभाळणाऱ्या ट्रेनिंगवाल्यांनो, तुमच्याकडे पट्टी उघडी असते का?