भांड्यांची वही

आमच्या मोहल्ल्यातल्या मंडळाच्या दोन वह्या आहेत. एक लाल कापडी पुठ्ठ्याची, सभेच्या ठरावांची. ती कपाटात कुलूपबंद. दुसरी शाळेतली दोनशे पानी, सुतळी ओवून खिळ्याला टांगलेली. गंज म्हणजे स्वयंपाकाची पातेली, कढया, झारे, सतरंज्या कोणी नेल्या ते तिच्यात लिहितात.

यंदा मंडळाच्या खोलीवरची टिनं काढून स्लॅब टाकायचा घाट आहे. अध्यक्ष म्हणाले, "तू शाळा शिकला न लेका, मंडयाचा इतिहास लिहून दे चार पानं." आणि लाल वही हातात दिली.

रात्रभर वाचली. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. आयत्या वेळचे विषय नाहीत. ठराव सर्वानुमते मंजूर.' पानामागून पान हेच. पोळ्याच्या वर्गणीवरून दोन भावांनी एकमेकांच्या कॉलर धरल्या, ती रात्र मला आठवते. त्या तारखेलाही सर्वानुमते!

सुरुवात मात्र सगळ्यांना तोंडपाठ. तुकडोजी महाराजांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज उभारलं. पुढे गुरुदेव सेवा मंडळाचं वारं खेडोपाडी पोचलं, तसं आमच्याकडेही. भगव्या टोप्या आल्या, खंजिरी आली, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आली. जागा म्हणजे एका काकाजींचा कोठा. बैल एका अंगाला, प्रार्थना दुसऱ्या अंगाला, मधे कंदील. मग श्रमदानातून मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, आणि माकडांनी कवेलू फोडून फोडून दमवलं तेव्हा टिनं.

नोंदणी फार उशिरा झाली. 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवायची तर निदान सात जण लागतात. सहा मिळाले. सातव्याने सही केली ती घरकुलाचा फॉर्म समजून, आणि आजन्म विश्वस्त झाला. घरकुल कधी येते, असं तो पुढे बरीच वर्षं विचारत असे.

एवढ्यात दीड पान भरलं. पुढे काय लिहावं सुचेना, म्हणून खोलीत जाऊन दुसरी वही काढली. भरलेल्या जुन्या वह्याही तिथेच एका पेटीत निघाल्या.

पहिल्याच वहीत पहिली नोंद: 'गंज 1, कढई 1, सराटा 1. तेरवी.' सराटा म्हणजे उलथणं. आईला विचारलं. ती म्हणाली, त्याआधी मोठा गंज गावात एकाच वाड्यावर होता. घरात मयत झाली तरी कर्त्या माणसाने वाड्याच्या पायरीशी उभं राहून तो मागायचा. बाहेर कोणी लवकर येत नसे. कापसाचे पैसे आले त्या हंगामात मंडळाने घरटी वर्गणी काढून स्वतःचा गंज घेतला. मंडळाने आजवर केलेलं सगळ्यात मोठं काम मला हेच वाटतं. लाल वहीत त्याला एक ओळ आहे: 'भांडी खरेदी, मंजूर.'

मग वाचतच गेलो. वैशाखात पान पुरत नाही इतकी लग्नं. सोयाबीन बुडालं त्या साली दोनच. कोणाच्या बारशाला नेलेला गंज वीस-बावीस वर्षांनी त्याच पोराच्या लग्नाला गेलेला. 2020 चा उन्हाळा अख्खा कोरा. मधल्या एका वहीत अक्षर बदलतं, गोल नि नीट होतं. तिथून पुढे बचत गटातल्या एक वहिनी वही सांभाळू लागल्या. त्यांच्या काळात एकही झारा हरवलेला नाही. त्याआधीचा एक सराटा मात्र 'बाकी' आहे. दर नव्या वहीत ती बाकी इमानाने पुढे ओढलेली. सराटा कोणाच्या घरी आहे ते गावाला ठाऊक आहे. ते गृहस्थ मधे दोन वर्षं आमचे खजिनदार होते.

नोंदी उतरवून घ्यायला चालू वही घरी न्यावी म्हटलं, तर वहिनींनी दारातच अडवलं.

"वही नेता? मंग लिहून ठेवा न, भाऊजी. काय नेलं, कवा आनान."

"कशात लिहू? वहीच तर नेतो आहे."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, चुलीतला कोळसा उचलला आणि स्लॅबसाठी पडणार असलेल्या भिंतीवर लिहिलं: 'वही 1.' पुढे माझं नाव. आणि म्हणाल्या, "भित पाडाच्या आंधी आनून द्या."