एक्लिप्स १:१२ : वजनाचा दांडा वाऱ्यापुढे हरतो आहे

एक्लिप्स या पाणी उपसणाऱ्या जुन्या अमेरिकन पवनचक्कीचे बारा पटींनी लहान मॉडेल मी बनवतो आहे. गेल्या रविवारी त्याचे चाक पहिल्यांदा सलग दहा मिनिटे फिरले आणि काचेच्या नळीत पाणी चढताना दिसले. पण टेबल पंख्याची गती एका पायरीने वाढवताच चाक बाजूला वळून वाऱ्याला समांतर झाले आणि पंखा पुन्हा मंद केल्यावरही जागेवर परतले नाही. मागील नोंदीत मी नियंत्रणाचे, म्हणजे जोराच्या वाऱ्यात चाक आपोआप वळवून परत आणण्याचे, काम दोन आठवड्यांचे आहे असे लिहिले होते; त्याला आता तीन महिने झाले आहेत.

अमेरिकन संशोधक डॅनियल हॅलाडे यांच्या चक्कीत चाकाचे तुकडे छत्रीसारखे मिटत असत. एक्लिप्सचे चाक मात्र एकसंध आहे. त्याच्या शेजारी, त्याच पातळीत, एक लहान आडवा पंखा (न फिरणारा सपाट पत्रा) बसवलेला असतो आणि शेपूट बिजागरीवर असते. वारा वाढला की आडव्या पंख्यावरचा दाब चाकाला वाऱ्यापासून फिरवतो आणि वारा ओसरला की शेपटीला जोडलेल्या दांड्यावरचे वजन त्याला परत समोर आणते. एक्लिप्सचे जनक लिओनार्ड व्हीलर यांची ही युक्ती मला आजही फार सुंदर वाटते, कारण तिच्यात स्प्रिंग नाही आणि माणसाची राखणही नाही. वारा आणि गुरुत्व यांचा तराजू, एवढेच सगळे यंत्र.

व्हीलर हे कारखानदार नव्हते. १८४१ साली ते अमेरिकन बोर्ड या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे मिशनरी म्हणून अमेरिकेच्या सुपीरिअर सरोवरातील मॅडलीन बेटावर, तिथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांमध्ये गेले आणि पुढे जवळच्या ओडाना येथे राहिले. ओजिब्वेंना त्यांच्या भूमीतून हलवण्याच्या सरकारी बेताला त्यांनी विरोध केला. प्रकृती ढासळल्यावर १८६६ मध्ये ते विस्कॉन्सिन राज्यातील बेलॉइटला आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी या चक्कीचे पेटंट घेतले. १८७२ मध्ये ते वारले. त्यानंतर मुलाने कारखाना वाढवला आणि मोठ्या एक्लिप्स चक्क्या रेल्वेच्या इंजिनांना पाणी पुरवू लागल्या. मी नगरचा असल्याने मला हे प्रकरण जवळचे वाटते. व्हीलर यांना धाडणाऱ्या त्याच बोर्डाची माणसे १८३१ पासून आमच्या गावात होती आणि व्हीलर बेटावर पोहोचले त्याच्या पुढच्या वर्षी, १८४२ मध्ये, येथे त्यांचे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. मॉडेलसाठी हीच चक्की निवडण्याचे खरे कारण ते आहे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. मी सर्व मापे काटेकोरपणे बारा पटींनी लहान केली आणि नेमकी तीच चूक ठरली. लांबी बारा पटींनी घटली की आडव्या पंख्यावरचा वाऱ्याचा जोर १४४ पटींनी घटतो, पण वजन १,७२८ पटींनी घटते. दांड्याची लांबी दोन्ही बाजूंना सारखीच घटते, त्यामुळे माझ्या चक्कीत तराजूचे गुरुत्वाचे पारडे मुळापेक्षा बारा पटींनी हलके झाले आहे. वाऱ्याचा जोर गतीच्या वर्गाने वाढत असल्याने, मूळ चक्की ज्या वाऱ्यात वळेल त्याच्या साधारण साडेतीनाव्या भागातच माझी वळणार. मोजणीही तेच सांगते: ताशी १२ किलोमीटरच्या वाऱ्यात चाक वळते. गच्चीवर मला ते निदान २० किलोमीटरपर्यंत समोर उभे राहायला हवे आहे.

पहिला उपाय म्हणून बिडाचे वजन काढून त्याच आकाराचे शिसे ओतले. शिसे बिडाच्या दीडपटीहून थोडे अधिक जड असते, त्यामुळे हिशेबाप्रमाणे मर्यादा १५ वर गेली, पण त्यापुढे नाही. मग मासेमारीची नायलॉन दोरी मनोऱ्याच्या पोटातून सोडून तळाशी जादा वजन लपवले. चाकाचे डोके दोनदा फिरताच दोरीने पंपाच्या दांडीला वेढा घातला आणि पंप अडकला. पंपाची दांडी पोकळ पितळी नळीची करून दोरी तिच्या आतून न्यावी असे ठरवले होते, आणि नळी आणूनही ठेवली आहे.

न परतण्याचा दोष मात्र सुटला, आणि त्याचा आनंद मी दोन दिवस मनात घोळवला. ऑनलाइन मागवलेली सूक्ष्म बेअरिंगे घट्ट ग्रीस भरून आली होती आणि रॉकेलमध्ये धुतल्यावरही इतक्या लहान जोरात ती अडखळत होती. अशा कामाला विकतची बेअरिंगे घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. जुन्या बाजारातून बंद पडलेले गजराचे घड्याळ आणले, त्याच्या तोलचक्राचा टोकदार आस आणि त्याच्या वाट्या काढून शेपटीच्या बिजागरीत बसवल्या. पूर्वी वारा ५ किलोमीटरवर उतरेपर्यंत चाक रुसून बसे. आता ते ९ वर परतते. दांडा बोटाने उचलून सोडला की तो श्वास घेतल्यासारखा सावकाश खाली येतो.

ही नोंद लिहिता लिहिताच एक साधी गोष्ट ध्यानात आली आहे. वजन वाढवता येत नसेल तर वाऱ्याचा जोर कमी का करू नये? आडवा पंखा लहान केला तर रूप बिघडेल, परंतु सागवानी चौकट तशीच ठेवून आतला पत्रा काढला आणि तिथे बारीक पितळी जाळी ताणली, तर हातभर अंतरावरून तो भरीवच दिसेल. जाळीने जोर निम्मा झाला, तर शिशाच्या वजनासह मर्यादा २१ च्या आसपास जाते आणि दोरीची गरजच उरत नाही. त्यामुळे पितळी नळी सध्या खणात राहील. उद्या चहाच्या गाळणीची जाळी कापून पाहतो. विणीचे दोन-तीन प्रकार टेबल पंख्यासमोर ठेवून वळण्याची गती मोजेन आणि रंग मात्र मोजणी झाल्यावरच लावेन, कारण रंगाने जाळीची भोके बुजली तर सारा हिशेब बदलेल.