डायग्नोसिस झालं, आता आधी कुठे जायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. तसा हा प्रश्न मला सारखाच येतो, "डॉक्टर म्हणाले मुलाला ऑटिझम आहे, आता कुठलं सेंटर बघू, कुठली थेरपी लावू?" माझा मुलगा आता मोठा झालाय, त्यामुळे माझ्याकडे एखादी तयार यादी असेल असं लोकांना वाटतं. तशी यादी नाहीये, पण सेंटर शोधायला बाहेर पडायच्या आधी एक काम करा असं मी प्रत्येकाला सांगते, ते म्हणजे मुलाचा दिवस लिहून काढा.

सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कुठे कुठे अडतं ते, आपल्या साध्या भाषेत. आमच्या वहीत असं असायचं: नखं कापायला घेतली की किंचाळतो. हाक मारली तर मान वळवत नाही, पण मोबाईल वाजला की दुसऱ्या खोलीतून पळत येतो. काही हवं असलं की माझं मनगट धरून कपाटापाशी नेतो आणि माझाच हात वर ढकलतो, स्वतः बोट दाखवत नाही. मिक्सर लावला की कान झाकतो. ही पानं घेऊन गेलात की समोरच्या माणसाला तुमच्या मुलाबद्दल बोलावं लागतं, नाहीतर तो थेट पॅकेज सांगायला लागतो. आणि कुणाकडे जायचं तेही त्यातूनच कळतं, मागणं-सांगणं-समजणं अडत असेल तर स्पीच थेरपिस्ट, आवाज, स्पर्श, कपडे, बटणं, पेन्सिल इथे अडत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट, शिकण्याचं आणि शाळेचं असेल तर स्पेशल एज्युकेटर. सगळ्यांना सगळं एकदम लागत नाही हो, आणि आठवड्याला जितके जास्त तास तितकं चांगलं असंही नसतं.

कानाची तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्या. ऑटिझमच्या डायग्नोसिसचा रिपोर्ट लेखी मागा, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी तो लागतो. त्यावर लेव्हल 1, 2 किंवा 3 असं लिहिलेलं बघून आईवडील हादरतात. 2013 मध्ये डीएसएम-5, म्हणजे डॉक्टर डायग्नोसिससाठी वापरतात ते अमेरिकन पुस्तक आलं, त्यात या लेव्हल आल्या, मुलाला सध्या किती सपोर्ट लागतोय एवढंच त्या सांगतात, त्याची बुद्धी नाही, आणि वय आणि परिस्थितीप्रमाणे त्या बदलू शकतात.

चांगल्या ठिकाणी वेटिंग लिस्ट असतेच, म्हणून दोन-तीन ठिकाणी नाव घालून ठेवा. तोवर हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2 ते 9 वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी एक प्रशिक्षण तयार केलंय, त्यात नऊ ग्रुप सेशन्स आणि तीन घरभेटी असतात, त्याचं ऑनलाइन रूपही काढलंय. त्यातला मुख्य भर अंघोळ, जेवण, खेळ अशा रोजच्या वेळांमध्ये मुलाशी संवाद कसा वाढवायचा यावर आहे, आणि मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण थेरपिस्टकडे मूल आठवड्यातले थोडेच तास असतं, बाकी सगळा वेळ ते आपल्याकडेच असतं.

म्हणूनच सेंटर बघायला गेलात की पहिलं हे विचारा की मी आत बसू शकते का आणि घरी काय करायचं ते मला शिकवाल का. दार लावून घेणारं आणि "तुम्ही बाहेर थांबा, तुम्ही असलात की तो रडतो" हेच कायम सांगणारं सेंटर मी तरी सोडून देईन. तीन महिन्यांचं ध्येय विचारा. "आय कॉन्टॅक्ट वाढवू" याने मुलाचं काय भलं होणार? त्यापेक्षा "पाणी हवं असेल तेव्हा चित्र दाखवून मागेल" असं ध्येय सांगणारी थेरपिस्ट धरा. चित्रांची सवय लागली की मूल बोलणार नाही अशी भीती घालतात, पण आजवरच्या अभ्यासांमध्ये त्याने बोलणं अडतं असं दिसलेलं नाही, काही मुलांचं बोलणं उलट वाढतं.

आणि "सहा महिन्यांत पूर्ण बरा करतो" म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत या. ऑटिझम बरा करणारं औषध नाही. झोप, फिट्स, अति चिडचिड यांवर औषधं असतात, ती डॉक्टर बघून देतात. शरीरातले जड धातू काढतो म्हणून जे चिलेशन करतात त्याने मुलांचे जीव गेलेत, हे मी घाबरवायला नाही, खरंच काळजीने सांगतेय.

बाकी माहिती दुसऱ्या पालकांकडून मिळते. त्यांना सेंटर कसं आहे एवढंच विचारू नका, सध्या तिथे कोण थेरपिस्ट आहे आणि तिच्याकडे मूल हसत जातं का ते विचारा, कारण चांगली थेरपिस्ट सोडून गेली की बोर्ड तोच राहतो पण आतलं काम बदलतं.