रिकॉलचा मेसेज जुन्या मालकाला गेला होता

गाडी बंद पडली तेव्हा पडद्यावर ७८ टक्के चार्जिंग दिसत होतं. जून २०२४, शाळा सुरू होऊन चारच दिवस झालेले. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून कोतोलीला शाळेत शिकवायला निघाले होते. केर्ली मागे टाकलं, कोतोली फाट्याच्या अलीकडे फोन घ्यायला म्हणून कडेला थांबले, आणि पुन्हा बटण दाबलं तर काहीच नाही. पडदा एकदा उजळला, लाल-पिवळ्या खुणांची रांग लागली आणि सगळं विझलं. रिमोटनं दाराचं लॉकसुद्धा लागेना.

गाडी छोटी, पाच दारांची इलेक्ट्रिक. दीड वर्ष वापरलेली, पुण्याच्या एका गृहस्थांकडून जानेवारीत सव्वासहा लाखांना घेतलेली. रोजचं जाणं-येणं पन्नास किलोमीटरच्या आसपास, रात्री घरी चार्जिंगला लावायची, सकाळी निघायचं. मला ती मनापासून आवडते, आजही. म्हणूनच पुढच्या सहा महिन्यांत काय झालं आणि रिकॉलची, म्हणजे दोष सुधारायला कंपनीनं गाड्या परत बोलावल्याची, खबर मला का लागली नाही, ते नीट लिहून ठेवते आहे, विशेषतः ज्यांनी अशी गाडी सेकंडहँड घेतली आहे त्यांच्यासाठी.

मदतीच्या नंबरवरून फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, यायला तीन तास लागले. साध्या टोइंगवाल्याला मीच परत पाठवलं. ज्या चाकांना मोटर जोडलेली असते ती जमिनीवर फिरवत इलेक्ट्रिक गाडी ओढली, तर मोटर उलटी वीज तयार करते आणि नुकसान होऊ शकतं. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

महामार्गालगतच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दुसऱ्या दिवशी उत्तर मिळालं, "मॅडम, बारा व्होल्टची बॅटरी उतरली होती. चार्ज केली, सॉफ्टवेअर अपडेट टाकलंय. आता काही होणार नाही." जॉब कार्डवर ओळ होती, "गाडी सुरू होत नाही. जनरल चेकअप." मी सही केली आणि गाडी घेऊन आले.

इथं थोडं थांबून ही बारा व्होल्टची भानगड सांगते. इलेक्ट्रिक गाडीत बॅटऱ्या दोन. एक मोठी, गाडी पळवणारी. दुसरी पेट्रोल गाडीत असते तशीच साधी. पडदा, दिवे, लॉक, गाडीतले छोटे कॉम्प्युटर, सगळे या छोटीवर चालतात. मोठ्या बॅटरीला मोटरशी जोडणारे जाड स्विच, म्हणजे काँटॅक्टर, ओढून धरायलाही याच बारा व्होल्टची वीज लागते. म्हणून छोटी मेली की मोठीत कितीही वीज असली तरी गाडी जागची हलत नाही. आणि छोटीला चार्ज कोण करतं? पेट्रोल गाडीत अल्टरनेटर, इथं डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाचा डबा. तो मोठ्या बॅटरीची वीज उतरवून छोटीला देतो. तो डबा बिघडला तर बॅटरी कितीदाही बदला, पुन्हा उतरणारच. मी विज्ञान शिकवते, सर्किटची आकृती फळ्यावर शेकडो वेळा काढली आहे, पण त्या दिवशी हा प्रश्न काउंटरवर विचारायचं मला सुचलं नाही.

जुलैच्या अखेरीस पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. शाळेला सुट्टी, गाडी पाच दिवस घरी उभी. सहाव्या दिवशी पुन्हा तोच काळोख. सर्व्हिस सेंटरमध्ये पहिलाच प्रश्न आला, "पाण्यातून घातली होती काय?" राजारामपुरीत आमच्या गल्लीत पुराचं पाणी येत नाही, गाडी जागची हललेली नाही, हे मी तीन माणसांना तीनदा सांगितलं. शेवटी त्यांनी बारा व्होल्टची बॅटरी बदलायला लावली. साडेपाच हजार रुपये माझ्या खिशातून. "जुनी वीक झाली होती" म्हणाले. जॉब कार्डवर पुन्हा तेच, जनरल चेकअप.

नवी बॅटरी सप्टेंबरात उतरली. या वेळी शिवाजी पुलावर, संध्याकाळच्या गर्दीत. आधी "पॉवर कमी केली आहे" असा इशारा आला, गाडी सायकलच्या वेगानं कशीबशी पुलापार गेली आणि थांबली. मागं एसटी, दुधाचा टेम्पो, हॉर्नचा कल्लोळ. शेजारच्या सीटवर आई होती. ती काही बोलली नाही, फक्त दाराची मूठ घट्ट धरून बसली. रात्री मी ठरवलं, आता कुणाच्या तोंडी सांगण्यावर गाडी सोडायची नाही.

गाडी सुरू झाल्यावर आधी उद्यमनगरात एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. बॉनेट उघडलं आणि त्यांनी आधीच सांगितलं, "ताई, त्या नारिंगी वायरींना मी हात लावणार न्हाई, ते कंपनीचं काम." बरोबरच होतं ते. नारिंगी म्हणजे उच्च दाबाच्या केबल, आणि असं सरळ सांगणारा मिस्त्री मला जास्त भरवशाचा वाटतो. त्यांनी फक्त छोट्या बॅटरीला मल्टिमीटर लावला. गाडी बंद असताना १२.३ व्होल्ट. "आता चालू करा." चालू केली. कन्व्हर्टर काम करत असेल तर आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान चढायला हवा. तो १२.१ झाला आणि हळूहळू उतरतच राहिला. "बॅटरी मेलेली न्हाई हो. तिला खायाला मिळंना झालंय."

मीटर आणि चालू पडदा एकाच चौकटीत येतील असे फोटो मी काढले, एक व्हिडिओही. पैसे विचारले तर नको म्हणाले.

याच दिवसांत एक माणूस भेटला नसता तर मी अजून त्याच काउंटरवर उभी असते. सांगलीहून येताना महामार्गावरच्या एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगला थांबले होते. शेजारी माझ्यासारखीच गाडी, तोच रंगसुद्धा. इचलकरंजीचे यंत्रमागवाले. बोलता बोलता मी कन्व्हर्टरचं काढलं, तर ते म्हणाले, "आमचा तर गेल्या वर्षीच बदलून दिला की फुकटात. कंपनीनं बोलावलं होतं. तुम्हाला मेसेज आला न्हाई?"

मला आला नव्हता. घरी येऊन पुण्याच्या गृहस्थांना फोन लावला. भला माणूस, लगेच जुने मेसेज चाळले. दोन सापडले. "आपल्या वाहनाची मोफत तपासणी व आवश्यक भाग बदल" अशा अर्थाचे. एक गाडी त्यांच्याकडे असतानाचा, दुसरा विकल्यानंतरचा. पहिला त्यांनी जाहिरात समजून सोडला, दुसरा आपल्या कामाचा नाही म्हणून. त्यांना दोष देत नाही. त्या मेसेजमध्ये गाडी रस्त्यात बंद पडू शकते असं एका शब्दानंही म्हटलेलं नव्हतं.

आरटीओत गाडी माझ्या नावावर वेळेत झाली होती. फॉर्म २९, फॉर्म ३०, विम्याचं हस्तांतर, सगळं. माझी समजूत अशी की संपलं. पण आरटीओची नोंद कंपनीच्या ग्राहकयादीत आपोआप उतरत नाही. तिथं अजूनही पुण्याचं नाव, पुण्याचा मोबाइल. सेकंडहँड गाडी घेणाऱ्या प्रत्येकानं आरसी हातात पडताच कंपनीला स्वतःचं नाव, नंबर कळवावा आणि बॅटरीची वॉरंटी आपल्या नावे झाल्याचं लेखी मागावं. मला हे कुणी सांगितलं असतं तर शिवाजी पुलावरची ती संध्याकाळ टळली असती.

दुसऱ्या दिवशी आरसीवरचा सतरा अक्षरांचा चॅसी नंबर घेऊन कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडची मुलगी दोन मिनिटांत म्हणाली, "हो मॅडम, तुमच्या गाडीवर एक कॅम्पेन ओपन आहे." म्हणजे मेसेजमधली ती मोफत तपासणी आणि भाग बदल माझ्या गाडीचा अजून बाकी होता. हाच चॅसी नंबर सर्व्हिस सेंटरनं तीन वेळा संगणकात भरला होता. तिसऱ्या जॉब कार्डाच्या वेळी मी तिथल्या मुलाला शांतपणे विचारलं, तुम्हाला दिसलं नाही? तो खाली बघून म्हणाला, "दिसत होतं मॅडम, पण पार्ट शिल्लक नव्हता, म्हणून वरनं सांगायचं न्हाई म्हणालेत." त्याचा राग आला नाही. ज्यांनी सांगितलं त्यांचा आला, अजून आहे. पार्ट नाही हे सांगणं गुन्हा नाही. ते लपवून एका ग्राहकाला साडेपाच हजारांची बॅटरी विकणं मात्र मला फसवणूकच वाटते.

या वेळी जॉब कार्ड मी बोलले तसं लिहून घेतलं. तारखा, ठिकाणं, तिन्ही वेळचं चार्जिंग, मीटरचे आकडे, "चालत्या गाडीत पॉवर गेली, सुरक्षेचा प्रश्न" हे शब्द. सल्लागार म्हणाला एवढं बसत नाही. मागच्या बाजूला लिहा, मी म्हणाले. लिहिलं, दोघांच्या सह्या झाल्या, प्रत माझ्याकडे.

त्यांनी पुन्हा अपडेटची भाषा केली. तोवर मी बरंच वाचलं होतं. जुलैमध्येच किआ कंपनीनं भारतात ११३८ ईव्ही६ गाड्या परत बोलावल्याची बातमी आली होती. तिथंही चार्जिंगचा कंट्रोल युनिट आणि त्यामुळं उतरणारी बारा व्होल्टची बॅटरी. माझी गाडी ती नव्हे, कंपनीही ती नव्हे, पण दुखणं जवळचं. आणि अमेरिकेतल्या शेव्हरोले बोल्टची हकीकत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. तीही छोटीच गाडी. तिथं प्रश्न मोठ्या बॅटरीचा, आगीचा होता. नोव्हेंबर २०२० मध्ये पहिला रिकॉल झाला, मालकांना ९० टक्क्यांच्या पुढं चार्जिंग करू नका म्हणून सांगितलं, पुढं सॉफ्टवेअरचा उपाय दिला. उपाय झालेल्या गाड्यांनाही आग लागली. तेव्हा खरं कारण शोधावं लागलं: बॅटरीच्या काही सेलमध्ये अ‍ॅनोडची, म्हणजे ऋण टोकाची, पट्टी फाटलेली आणि दोन टोकांना वेगळं ठेवणारा पडदा दुमडलेला, दोन्ही दोष एकत्र. ऑगस्ट २०२१ पर्यंत रिकॉल सगळ्याच बोल्टपर्यंत पोचला, सुमारे १ लाख ४० हजार गाड्या, आणि मालकांना घराबाहेर, मोकळ्यावर गाडी लावायला सांगितलं गेलं. ज्या मालकांनी दुरुस्तीनंतरही आपल्या गाडीचं काय झालं ते नोंदवलं, त्यांच्यामुळं ते उघड झालं. म्हणून मी अपडेट घ्यायला नकार दिला नाही, पण "अपडेटनंतर मीटर लावून आकडा दाखवा" एवढंच म्हणत उभी राहिले. आकडा १२.२ च्या वर गेला नाही. तो मी तिथंच जॉब कार्डवर लिहायला लावला.

मग कंपनीला ईमेल आणि तेच पत्र स्पीड पोस्टानं. चार मागण्या: कन्व्हर्टर बदला, बॅटरीचे आणि गाडी बंद असताना लागलेल्या रिक्षाचे पैसे परत द्या, यादीत माझं नाव घाला, वॉरंटीचं लेखी द्या. पंधरा दिवस काहीच नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, तक्रारीचा नंबर मिळतो. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीपर्यंत पोचवते, पण माझ्या बाबतीत तेवढ्यानंच खुर्च्या हलल्या. जिल्हा ग्राहक आयोगाचीही कागदपत्रं तयार ठेवली होती. पाच ते दहा लाखांच्या वस्तूला फी फक्त २०० रुपये आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पुण्या-मुंबईला जावं लागत नाही.

आणखी एक केलं, ज्याचा मला स्वतःला ताबडतोब उपयोग नव्हता. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं ११०अ हे कलम आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेला धोका देणारा दोष असेल तर मालक सरकारच्या 'वाहन' नावाच्या पोर्टलवर नोंद करू शकतो. विक्रीच्या प्रमाणात पुरेशा तक्रारी झाल्या की सरकार चौकशी करून रिकॉलचा आदेश देऊ शकतं, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. माझ्या कंपनीनं याला रिकॉल म्हटलंच नव्हतं, "सर्व्हिस कॅम्पेन" म्हटलं होतं, त्यामुळं ऐच्छिक रिकॉलच्या यादीत ते शोधूनही सापडलं नाही. शब्द बदलला की बातमी होत नाही आणि माझ्यासारखी दुसरी मालकीण अंधारात राहते. एकट्या तक्रारीनं काही होत नाही हे खरं, पण मोजणी एकापासूनच सुरू होते. इचलकरंजीच्या त्या गृहस्थांचं काम झालेलं होतं, तरी त्यांनीही माझ्या सांगण्यावरून नोंद केली.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पार्ट आला. दोन दिवसांत कन्व्हर्टर बदलला. गाडी ताब्यात घ्यायच्या आधी मीटर मागितला. चालू गाडीत १४.१. बॅटरीचे साडेपाच हजार जानेवारीत खात्यावर जमा झाले, रिक्षाचे दिले नाहीत. वॉरंटीचं पत्र तीन आठवण-ईमेल पाठवल्यावर आलं.

उद्यमनगरात पेढे घेऊन गेले तर मिस्त्रींनी आधी बॉनेट उघडायला लावलं, स्वतः आकडा बघितला, मगच पेढा घेतला. त्यांच्याच सल्ल्यानं एक लहान मीटर घेतला आहे. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, लावून बघते आणि वहीत लिहिते.

परवा पहिल्यांदाच कंपनीचा मेसेज माझ्या नंबरवर आला. नेहमीच्या सर्व्हिसचा होता. तरी पूर्ण वाचला, फोन करून चॅसी नंबर सांगितला आणि आणखी काही ओपन आहे का ते विचारून घेतलं. काही नाही म्हणाले. नाही तेही ईमेलवर पाठवा म्हटलं.