भिजलेली गादी

मी बेळगावातील एका महाविद्यालयात शिकवते आणि तेथील रॅगिंगविरोधी समितीची सदस्य आहे. गेल्या जुलैमधील एका सकाळी वसतिगृहाच्या वॉर्डननी मला तातडीने बोलावून घेतले. व्हरांड्यात एक गादी फेकलेली होती, पावसाच्या झडीने एका बाजूने भिजलेली, आणि खोलीच्या दारावर खडूने ‘जोगप्पा’ असे लिहिले होते. जोगप्पा म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेले, स्त्रीवेशात राहणारे भक्त. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर ज्यांच्या हातचा भंडारा आपल्या आयाबाया श्रद्धेने कपाळी लावून घेतात, त्यांचे नाव शिवी म्हणून वापरलेले पाहून मला फार वाईट वाटले.

मुलगा खानापूर तालुक्यातील, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा. आपल्याला मुलगे आवडतात, हे त्याने विश्वासाने एका मित्राला सांगितले होते आणि दोन दिवसांत ते साऱ्या मजल्यावर पसरले होते. “माझ्यावर केस होईल, असं सगळे म्हणतात,” तो म्हणाला. ६ सप्टेंबर २०१८ रोजीच सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असा निकाल दिला आहे, हे मी त्याला दोनदा सांगितले. त्यानंतर सवयीने मी त्याच्या वडिलांना कळवण्यासाठी मोबाईल हातात घेतला.

“मॅडम, घरी नको. बाबा शिक्षण बंद करतील.”

मी मोबाईल ठेवून दिला. त्याला न विचारता घरी सांगितले असते, तर त्या मित्राने जे केले तेच माझ्याही हातून झाले असते.

दुपारी समितीची बैठक निम्मी कन्नडमध्ये, निम्मी मराठीत झाली. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना ही मुलांची थट्टा वाटत होती, दुसऱ्यांनी विचारले, “पण तो खरंच तसा आहे का?” तेव्हा मी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविषयक नियमांतील २०१६ ची दुरुस्ती वाचून दाखवली. जात, धर्म, लिंग, लैंगिक कल अशा कारणांवरून विद्यार्थ्याला छळणे किंवा वेगळे पाडणे हे तिच्यानुसार रॅगिंगच ठरते, आणि त्याच यादीत पुढे ‘भाषिक ओळख’ हेही कारण आहे. ते शब्द येताच दोघेही गप्प झाले, कारण भाषेवरून डिवचले गेल्यावर काय वाटते, हे सीमाभागात मराठी किंवा कन्नड, कोणालाच समजावून सांगावे लागत नाही. भाषेवरून त्रास झाल्याची तक्रार आली तर आपण ‘तू खरंच मराठी आहेस का’ असे विचारत नाही. मग याला तरी तो प्रश्न का विचारायचा, असे मी म्हणाले. इतिवृत्तात गादी, दार आणि ते कृत्य करणाऱ्या तिघांची नावे लिहिली गेली. मुलाच्या लैंगिक कलाविषयी एक शब्दही नाही.

सुरक्षिततेसाठी त्याला बाहेर खोली पाहून देण्याची सूचनाही आली होती. त्याने स्वतःच ती नाकारली. संध्याकाळी वॉर्डननी स्टोअरमधून कोरडी गादी काढली आणि आम्ही दोघांनी ती दोन टोकांना धरून त्याच्याच खोलीत नेली.