संग्रहालयाच्या भांडारात जाताय? फोटोच्या परवान्याचं आधी बोलून घ्या

संग्रहालयातली वस्तू प्रत्यक्ष बघायला मिळणं अवघड असतं, असा सगळ्यांचा समज आहे. माझा अनुभव उलटा आहे. बघायला मिळते, आणि नीट मिळते. गाडी अडते ती तिचा फोटो छापायची वेळ आली की. तिथे मला नाडलं गेलं आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय. अर्ज, ओळखपत्र, शिफारसपत्र हे तुम्हाला जमतं असं धरून चालतो.

मला बघायचा होता कागदावर हातानं रंगवलेला एक जुना नकाशा. अर्जात 'अमुक शतकातले नकाशे' असं मोघम लिहून भागत नाही, नोंद क्रमांक लागतो. पुष्कळ ठिकाणी तो तीन तुकड्यांत असतो: १९२३.१४.३ म्हणजे १९२३ साली आलेल्या चौदाव्या खेपेतली तिसरी वस्तू. त्याच अर्जात वस्तू आत्ता नेमकी कुठे आहे तेही विचारा. मोठ्या संग्रहालयांच्या बहुतेक वस्तू दालनात नसतातच, आणि भांडार कित्येकदा भलतीकडे असतं. मला आलेल्या पत्रावर मुख्य इमारतीचा पत्ता होता आणि नकाशा होता शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळ त्यात गेली, वेळ मात्र वाढवून मिळाली नाही.

आत पेन, पिशवी, पाण्याची बाटली चालत नाही, फक्त पेन्सिल. उजेड ५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक), म्हणजे मंदच. कागद आणि कापडासाठी साधारण तेवढीच मर्यादा पाळतात, तेव्हा डोळे सरावेपर्यंत बारीक अक्षराच्या मागे लागू नका. कागदासाठी सुती हातमोजे मागू नका, बोटांना अंदाज राहत नाही आणि कडा फाटतात. धुतलेले, कोरडे हात पुरतात. धातूच्या वस्तू आणि जुने फोटो यांना नायट्राइलचे, म्हणजे पातळ कृत्रिम रबराचे मोजे. पेंढा भरलेले जुने पशुपक्षी बघणार असाल तर मोजे स्वतःच्या जिवासाठी घाला. कीड लागू नये म्हणून त्यांना पूर्वी आर्सेनिक लावत.

जाण्याचं सार्थक मात्र झालं. नकाशातली नदी हिरव्या रंगात होती. तांब्यापासून केलेला हिरवा रंग कागद खातो. तिथल्या बाईंनी टॉर्च कागदालगत आडवा धरला तेव्हा नदीच्या काठाकाठानं बारीक चिरा दिसल्या, आणि नकाशा उलटा केल्यावर तीच नदी मागे तपकिरी होऊन उतरलेली. सूचीतल्या फोटोत यातलं काहीच नाही, कारण मागची बाजू कुणी टिपलेलीच नाही. मागची बाजू मागाच. नाही म्हणत नाहीत. बाकीचे दिवस सुरळीत गेले, त्यांचं सांगण्यासारखं काही नाही.

आता फोटो. फ्लॅश न वापरता फोनवर फोटो काढायला परवानगी मिळाली, त्याआधी एका कागदावर सही घेतली. सही करण्याआधी तो कागद शेवटपर्यंत वाचा. 'फक्त वैयक्तिक अभ्यासासाठी' एवढं त्यात असलं, की तुम्ही स्वतः काढलेला फोटोही छापता येत नाही. छापायचा म्हटल्यावर पत्रव्यवहार सुरू झाला आणि दर वेळी नवं कलम निघालं. फोटो काढण्याचं शुल्क वेगळं, छापण्याचा परवाना वेगळा. परवान्याची रक्कम प्रती किती, आकार केवढा, आत की मुखपृष्ठावर, यावर ठरते. ई-पुस्तक वेगळं, दुसरी आवृत्ती काढली की पुन्हा भरा. सगळं भरलं. फाईल आली तेव्हा तिच्या माहितीत काढल्याची तारीख कित्येक वर्षांपूर्वीची! म्हणजे तयार फोटोला 'नवीन छायाचित्रण' म्हणून पैसे घेतले. विचारलं तर उत्तर आलं की दर सरसकट आहे. ही लूट आहे, दुसरा शब्द नाही.

हा नकाशा इतका जुना की त्यावर कुणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही. अशा सपाट चित्राच्या हुबेहूब छायाचित्रावर नवा हक्क निर्माण होत नाही, असा निकाल न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयानं १९९९ मध्येच दिला. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशातलं १४ वं कलमही तेच सांगतं. पण त्यावर भिस्त ठेवून सही करू नका, करारात बांधून घेतलंत तर करार लागू होतोच. मूर्ती, भांडी अशा वस्तूंच्या फोटोची गोष्टही निराळी. तुमची वस्तू छापील असेल तर तिची दुसरी प्रत खुल्या संग्रहात आहे का ते आधी बघा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २०१७ मध्ये आणि स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय-समूहानं २०२० मध्ये लाखो प्रतिमा विनाअट खुल्या केल्या, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम त्यांच्याही आधीचं. तिथे मिळालं तर कुणाच्या पाया पडू नका. फाईलचा आकारही तपासा: ३,००० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० पीपीआयनं (दर इंचाला ३०० पिक्सेल) छापला तर जेमतेम २५ सेंटिमीटर भरतो. मोबदला, प्रती, आवृत्त्या आणि फाईल नवी की जुनी, हे चार प्रश्न तिकीट काढण्याआधी ईमेलनं विचारा. तोंडी उत्तर धरू नका.

उसनी वस्तू? नकाशा आमच्या छोट्या प्रदर्शनासाठी मागून बघितला. एकट्यादुकट्याला देत नाहीत, संस्था लागते, आणि सहा महिने ते वर्षभर आधी अर्ज. मग जागेचा सविस्तर अहवाल भरायचा: तापमान, आर्द्रता, कुलपं, आग, उजेड. विमा वस्तू तिथून हलल्यापासून परत जागेवर जाईपर्यंतचा. पेटी, वाहतूक आणि सोबत येणाऱ्या माणसाचा खर्चही बहुधा उसनं घेणाऱ्याच्याच माथी. पेटी आली तरी साधारण २४ तास उघडायची नाही, आतल्या वस्तूला नव्या हवेची सवय व्हावी लागते. हवामान राखणारी बंद काचपेटी नसेल तर मूळ वस्तू मागूच नका, चांगली प्रतिकृती मागा. आम्ही शेवटी तेच केलं, आणि त्या नकाशाची मागची बाजू बघितल्यावर मला ते योग्यच वाटतं. मूळ वस्तू मिळालीच, तर पेटी उघडताना आणि परत भरताना प्रत्येक डाग, प्रत्येक चीर स्थिती-अहवालात फोटोसकट नोंदवून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. सही नसलेली चीर तुमच्या नावावर लागते.