माहेरचं आडनाव आणि मोरेचा पूल

चित्रकार आल्फ्रेड सिस्लेचं फ्रान्समधलं गाव, मोरे-स्युर-ल्वँ, एकदा डोळ्यांनी बघायचं, हे शाळेत चित्रकला शिकवत होते तेव्हापासून मनात होतं. मी निवृत्त झाले, भाची पॅरिसजवळ राहायला गेली आणि म्हणाली, "मावशी, आता ये." तिकीट, विमा, बँकेचे कागद आठवड्यात झाले. अडलं ते एका दाखल्यावर. त्याचा राग अजून गेलेला नाही.

फ्रान्समध्ये नातेवाइकांकडे उतरणार असाल तर व्हिसासाठी हॉटेल बुकिंगच्या जागी 'आतेस्तास्यों दाकय', म्हणजे पाहुणा आपल्याकडे उतरणार असल्याचा यजमानाचा दाखला लागतो. यजमानाने स्वतः आपल्या नगरपालिकेत जायचं, घराचे आणि पगाराचे कागद दाखवायचे, स्टँप द्यायचा, तेव्हा तो 30 युरोंचा होता. दाखला नाकारला तरी ते पैसे गेले. मूळ प्रत कुरियरने भारतात मागवावी लागते. भाचीला नगरपालिकेची वेळच तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

खिडकीवर तिला विचारलं, पाहुणीचं जन्माचं आडनाव काय? तिकडे लग्नानंतरही बाईचं कागदोपत्री आडनाव जन्माचंच राहतं, नवऱ्याचं हवं तर वापरता येतं. भाचीने खरं ते सांगितलं. दाखल्यावर माझं माहेरचं आडनाव आलं आणि तेवढंच आलं. पासपोर्टावर मात्र माझं नाव, पुढे ह्यांचं नाव आणि सासरचं आडनाव.

व्हिसा केंद्रातल्या मुलीने दोन्ही कागद शेजारी ठेवले. पेनाचं टोक एकेका अक्षराखालून नेलं. आडनावाशी पेन थांबलं. मी विवाहनोंदणीचा दाखला पुढे केला, तो तिने वाचलासुद्धा. म्हणाली, "मॅडम, असाच जमा करायचा तर करते, पण व्हिसा नाकारला तर फी परत मिळणार नाही." मी फाइल उचलली आणि बाहेर आले. छत्तीस वर्षं ज्या नावाने पगार घेतला, त्या नावाची मी नाही असं कागद म्हणत होता. डोळ्यांत पाणी आलं, ते संतापाचं.

नगरपालिकेचं म्हणणं, आमच्या नियमाने दाखला बरोबर आहे. दुरुस्ती नाही, नवा अर्ज करा. पुन्हा वेळ, पुन्हा 30 युरो, पुन्हा कुरियर. दीड महिना गेला आणि विमानाची तारीख बदलायचे पैसे वेगळे. तेव्हा बायांनो, यजमानाला आधीच पासपोर्टची पहिली आणि शेवटची दोन्ही पानं पाठवा आणि सांगा, पासपोर्टावरचं नाव जसंच्या तसं आल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून व्हिसाचा अर्ज करता येतो, त्याचा पुरेपूर फायदा घ्या.

पुढे सगळं सुरळीत झालं. पॅरिसच्या गार द ल्याँ स्टेशनातून 'आर' लाइनची गाडी. मोरे इल-द-फ्रान्समध्येच, म्हणजे पॅरिसभोवतालच्या प्रांतातच येतं, त्यामुळे सगळ्या झोनचा आठवड्याचा नाविगो हा प्रवासाचा पास चालतो. मात्र तो सोमवार ते रविवार असाच मिळतो, हे शुक्रवारी काढायला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. स्टेशनपासून जुन्या गावात वीसपंचवीस मिनिटं चालत जावं लागतं.

वेशीतून आत शिरायचं, चर्च डोळे भरून बघायचं. 1893-94 मध्ये सिस्लेने हेच चर्च वेगवेगळ्या हवेत पुन्हापुन्हा रंगवलं. मग दुसऱ्या वेशीतून पुलावर येऊन पलीकडचा काठ गाठायचा. सकाळीच जा, कारण गाव ल्वँ नदीच्या पश्चिमेला आहे आणि सकाळचं ऊन समोरून त्याच्यावर पडतं. दुपारनंतर भिंती काळवंडतात.

काठावर बसले तेव्हा सिस्लेचेच कागद आठवत होते. जन्म 1839 चा, पॅरिसचा. आईवडील इंग्रज. जवळजवळ सगळं आयुष्य फ्रान्समध्ये, शेवटची दहा वर्षं याच गावात. फ्रेंच नागरिकत्व मागितलं, ते मिळालं नाही. बायको गेल्यानंतर चारेक महिन्यांतच, 29 जानेवारी 1899 ला तो गेला, तोही ब्रिटिश म्हणूनच. इथल्याच दफनभूमीत आहे. मी त्याला नमस्कार करून आले.

हो, ननांनी 1638 पासून बनवायला घेतलेली बार्लीची साखरकांडी गावात मिळते, ती घ्या. मधासारखा रंग, तोंडात सावकाश विरघळते. ती चघळत मी जलरंगात तीन कागद केले. पहिल्या दोघांत ल्वँचं पाणी मेलेलं आलं. तिसऱ्यात कमानीखालचा हिरवा साधला, आणि तो कागद मी भाचीला दिला.